शिरोरेषा जोडणारा जावजी

कॅफेच्या भिंतीवर टांगलेला तो खणाखणांचा लाकडी ट्रे आठवतोय? त्याच्या मागे एक मोठी गोष्ट आहे. ती सुरू होते मुंबईतल्या एका गरीब घरातल्या पोरापासून.

वर्सोव्यात एखाद्या नव्या कॅफेत शिरलात तर भिंतीकडे जरा नीट बघा. कॉफीच्या मेन्यूशेजारी बऱ्याचदा एक चपटा लाकडी ट्रे टांगलेला असतो. अडीच-तीन फूट लांब, उंचीला जेमतेम दोन बोटं आणि आत लहानमोठे कितीतरी खण. कुणी त्यात शिंपले मांडतं, कुणी इटुकली कॅक्टसची रोपं. घरी आणला तर कानातल्यांची सोय होते. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात नाहीतर चोर बाजारात चौकशी केली की दुकानदार 'अँटिक' म्हणून पुढे करतो. फोटोत तो भारी दिसतो, यात वादच नाही.

पण हा ट्रे शिंपल्यांसाठी बनलेला नाही. छापखान्यात त्याला 'केस' म्हणतात. लाकडी रॅकमध्ये ड्रॉवरसारख्या एकाखाली एक अशा केसेस सरकवलेल्या असायच्या आणि प्रत्येक खणात शिशाच्या मिश्रधातूचे खिळे. खिळा म्हणजे एकेका अक्षराचा उलटा ठसा. एका खणात 'क', दुसऱ्यात 'ख', तिसऱ्यात नुसता काना. कंपोझिटर केससमोर उभा राहायचा, डाव्या हातात लोखंडी स्टिक धरायचा आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. पान छापून झालं की सगळे खिळे धुऊन, पुसून परत आपापल्या खणात. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यांतून नवा मजकूर उभा.

इंग्रजीच्या दोन केसेस असायच्या. वरच्या केसमध्ये मोठी अक्षरं, खालच्या केसमध्ये लहान. पासवर्ड टाकताना आपल्याला 'अपर केस' आणि 'लोअर केस' असं जे विचारलं जातं, ते इथूनच आलं. कीबोर्डवर आजही आपण त्या लाकडी ड्रॉवरचं नाव घेतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता मराठीचं बघा. मूळ अक्षरं, त्यांची अर्धी रूपं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार, आणि त्यावर 'क्ष', 'ज्ञ', 'श्र', 'द्ध', 'ट्ट' अशी जोडाक्षरांची फौज. शेकडो प्रकारचे खिळे! मराठी कंपोझिटरला दोन केसेस पुरायच्या नाहीत. समोर, बाजूला, वर अशा जास्तीच्या केसेस मांडून तो मध्ये उभा राहायचा. सतत लागणाऱ्या खिळ्यांचे खण मोठे आणि हाताशी, क्वचित लागणाऱ्यांचे लहान आणि लांब. खणांवर चिठ्ठ्या नसायच्याच. सगळा नकाशा डोक्यात.

त्या खणांतली मराठी अक्षरं दिसायला कशी असावीत, हे कुणीतरी ठरवलं असणारच ना? त्यात ज्यांचा वाटा फार मोठा, त्यांचं नाव जावजी दादाजी चौधरी. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक. त्यांना शाळा फारशी लाभली नाही. छापखान्यातली त्यांची सुरुवात झाली ती खिळे घासण्यापासून.

आधीची मुंबई

जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईतला. घरची परिस्थिती बेताची. ते कुठल्या जगात आले हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भारतात छापखाना पहिल्यांदा उतरला तो १५५६ साली, गोव्यात. पण मराठी छपाईने जोर धरायला पुढची अडीचशे वर्षं लागली. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं तेही बंगालमधल्या श्रीरामपूरला. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१७च्या सुमारास छपाई सुरू केली. त्यांना धर्मप्रसारासाठी मराठी पुस्तकं हवी होती. त्यांचा छापखाना अमेरिकन मिशन प्रेस म्हणून ओळखला जाऊ लागला. हेतू काहीही असो, या छापखान्यात एक गोष्ट घडली. मुंबईतल्या गरीब घरांतल्या मुलांना तिथे एक नवीन कसब शिकायला मिळालं.

त्यातले एक गणपत कृष्णाजी. मिशनच्या छापखान्यात काम शिकून त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. ते शिळाछाप होतं. म्हणजे हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्यावरून छापायचं. शाईत चरबी असते म्हणून तेव्हा अनेक लोक छापील धर्मग्रंथाला हात लावायला तयार नसत. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असं सांगतात. पुढे त्यांनी खिळ्यांची छपाईही केली.

शिळाछाप लोकांना आवडायची कारण ती हाताने लिहिलेल्या पोथीसारखी दिसायची. अक्षरं सलग, डौलदार, वरची रेघ अखंड. खिळ्यांची छपाई तिच्यासमोर तुटक वाटायची. पण खिळ्यांचा फायदा मोठा होता. तेच खिळे पुन्हा पुन्हा वापरता येत, चूक झाली तर एक खिळा बदलून भागत असे आणि प्रती भराभर निघत. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की खिळ्यांतून निघालेलं मराठी पान वाचकाला आपलं वाटेल का?

घासायचं काम

जावजी शाळकरी वयातच मिशनच्या छापखान्यात लागला. पगार अगदी थोडा, काम खिळे घासायचं. हे काम म्हणजे कारखान्यातली सगळ्यात खालची पायरी. आजच्या भाषेत सांगायचं तर इंटर्नच्याही खाली!

पण या कामाकडे जरा जवळून बघू. खिळा तयार व्हायचा तो वितळलेल्या धातूतून. शिसं, अँटिमनी आणि कथील एकत्र वितळवून साच्यात ओतायचे. साच्यातून बाहेर पडलेल्या खिळ्याच्या कडांना धातूची बारीक कूस राहते. ती दगडावर घासून काढावी लागते. कमी घासलं तर दोन खिळे एकमेकांना नीट चिकटत नाहीत. जास्त घासलं तर खिळा बारीक होऊन ओळीत हलतो.

इंग्रजीत ही चूक खपून जाते, कारण तिथे अक्षरं सुटीच असतात. देवनागरीत नाही खपत. आपल्या शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा आहे. 'मुंबई' छापायचं तर प्रत्येक खिळ्यावरचा रेघेचा तुकडा शेजारच्या तुकड्याला तंतोतंत भिडला पाहिजे. केसभर फट राहिली की कागदावर पांढरा छेद दिसतो. ओळीत चाळीस अक्षरं असतील तर चाळीस छेद. अशी पानं वाचताना डोळा अडखळतो आणि वाचणाऱ्याला कारणही समजत नाही.

मुंबईत ज्या पद्धतीचे खिळे रुळले त्यात ही अडचण दुप्पट होती. अक्षर एका खिळ्यावर, त्याच्या डोक्यावरची मात्रा वेगळ्या खिळ्यावर, पायाखालचा उकार आणखी तिसऱ्यावर. यामुळे खिळ्यांचे प्रकार आटोक्यात राहत, नाहीतर 'के', 'कै', 'कु', 'कू' या प्रत्येकासाठी वेगळा खिळा ओतावा लागला असता. पण एकाच ओळीत वरखाली तीन थर रचायचे म्हणजे उंचीतही चूक चालत नाही. मात्रा किंचित वर राहिली तर ती अक्षरापासून सुटून हवेत तरंगते.

थोडक्यात, पान सुंदर दिसणार की नाही याचा बराच मोठा हिस्सा घासणाऱ्याच्या बोटांत होता. जावजीच्या बोटांनी ते लहानपणीच शिकून घेतलं.

या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे जाणकार होते. देवनागरीचे सुबक खिळे बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. मिशन प्रेसच्या खिळ्यांचं नाव झालं त्यात ग्रॅहम यांचा वाटा मोठा. जावजी या वातावरणात वाढला. घासण्यावरून तो ओतण्यावर गेला, खिळा जन्माला येतो कसा ते त्याने बघितलं आणि हळूहळू सगळं कसब उचललं. त्याच कारखान्यात त्याला एक सोबती मिळाला, राणोजी रावजी आरू. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नोकरी सोडून धंदा

मिशनचा छापखाना सुटल्यावर जावजींनी मुंबईतल्या दुसऱ्या छापखान्यांत नोकऱ्या केल्या. त्यात 'इंदुप्रकाश'चा छापखानाही होता. १८६२ साली सुरू झालेलं हे पत्र विष्णुशास्त्री पंडित चालवत. विधवाविवाहाच्या चळवळीतलं ते आघाडीचं पत्र. म्हणजे जावजी ज्या खिळ्यांची निगा राखत होते, त्यांतून त्या काळचा सगळ्यात पेटता वाद छापला जात होता.

आणि मग १८६४ साली जावजींनी नोकरी सोडून खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. वय वर्षं पंचवीस.

त्या वर्षी मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि सगळी मागणी मुंबईकडे वळली होती. जो तो शेअर घेत होता. रोज नव्या कंपन्या निघत होत्या. १८६५मध्ये युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला. बँका बुडाल्या, भले भले रस्त्यावर आले. या गदारोळात ज्याच्याकडे भांडवल म्हणून हातातलं कसबच काय ते होतं, त्याचा छोटा कारखाना मात्र टिकला. छापखाने वाढत होते, शाळा वाढत होत्या, वर्तमानपत्रं निघत होती. खिळे सगळ्यांनाच लागणार होते.

कारखाना म्हटलं की मोठी यंत्रं डोळ्यांसमोर येतात. इथे खरी किमया मात्र हाताने व्हायची. आधी अक्षराचं चित्र मनात पक्कं करायचं. मग पोलादी दांडीच्या टोकावर तेच अक्षर उलटं, अगदी खऱ्या मापात कोरायचं. याला पंच म्हणतात. दहा-बारा पॉइंटच्या मापात 'ज्ञ' कोरायचा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कानस आणि टोचणीने काम. हा पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की त्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. तोच साचा. त्यात धातू ओतला की खिळा. एका पंचावरून साचे निघतात आणि साच्यांतून हवे तितके खिळे. सगळ्याच्या मुळाशी तो एक पंच. तो फसला तर त्याच्यापासून निघालेला प्रत्येक खिळा फसलेला.

हे पंच कोरण्याचं काम राणोजी आरू यांनी केलं. मिशन प्रेसमधली मैत्री इथे कामी आली. जावजींना वाचायला सोपी, भरीव आणि डौलदार अक्षरं हवी होती. आरूंच्या हाताने ती पोलादात उतरली. एका मापावर थांबून भागणार नव्हतं. ग्रंथाच्या मूळ श्लोकाला मोठं अक्षर, टीकेला मध्यम, तळटीपेला बारीक, अशी सगळी मापं लागतात. आणि प्रत्येक मापात तो शेकडो खिळ्यांचा संच पुन्हा पहिल्यापासून. आज आपण फाँटचा आकार बारावरून चौदा करतो तो एका क्लिकने. आरूंना त्यासाठी सगळं नव्याने कोरावं लागायचं.

कोलभाट लेनमधला सागर

१८६९ साली जावजींनी छापखाना काढला. नाव निर्णयसागर. आज बऱ्याच घरांत हे नाव माहीत असतं ते पंचांगामुळे, आणि सुरुवातीच्या कामांतही पंचांग होतंच. विचार करा, त्या काळी पंचांगासारखं खपणारं दुसरं काय होतं? ते दरवर्षी नवं लागतं, घरोघरी लागतं. शिवाय ते छापणं फार किचकट, कारण आकड्यांची कोष्टकंच कोष्टकं. पंचांग नीट छापणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये निर्णयसागरचं बिऱ्हाड होतं. वर्सोव्याहून तिकडे जायचं तर मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने मरीन लाइन्स आणि मग बाजाराच्या गर्दीतून पायी. कापड, भांडी आणि मंदिरांच्या त्या गजबजलेल्या भागात एकाच मालकाच्या हाताखाली खिळे ओतलेही जात होते आणि त्याच खिळ्यांनी पुस्तकंही छापली जात होती. हीच जावजींची ताकद. बाकीच्यांना खिळे विकत घ्यावे लागत आणि झिजले तरी जपून वापरावे लागत. निर्णयसागरकडे खिळे घरचेच. त्यामुळे पान स्वच्छ, रेघ जोडलेली, अक्षर ठसठशीत. ओळख सांगायची गरजच नाही, पान बघून लोकांना कळायचं.

नुसती सुबक छपाई करून थांबले असते तर जावजी एक यशस्वी व्यापारी म्हणून राहिले असते. पण ते पुढे गेले. १८८१ साली 'बालबोध' हे मुलांचं मासिक सुरू झालं. संपादक विनायक कोंडदेव ओक. ओकांनी ते १९१४पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवलं. त्यात थोरांची चरित्रं असायची, कविता असायच्या, विज्ञानाची माहिती असायची आणि भाषा मुलांना समजेल अशी सोपी. आपण आज तरुणांची वेगळी पुरवणी वाचतो ना, त्याची मुळं अशा मासिकांत आहेत.

मग १८८६ साली आली 'काव्यमाला'. संस्कृतातली काव्यं, नाटकं, साहित्यशास्त्राचे ग्रंथ यातले कितीतरी तेव्हा फक्त हस्तलिखितांत होते. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या मठात, कुठल्या संस्थानाच्या पोथीशाळेत. बघायला मिळणं मुश्कील, उतरवून घेणं त्याहून मुश्कील, आणि वाळवीचा धोका कायमचा. काव्यमालेने हे ग्रंथ हप्त्याहप्त्याने छापायला घेतले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादन केलं. लहान रचनांचे चौदा गुच्छक निघाले आणि मोठ्या ग्रंथांचे स्वतंत्र खंड वेगळे.

मराठीकडेही दुर्लक्ष झालं नाही. निर्णयसागरच्या 'काव्यसंग्रह' मालेत वामन दाजी ओकांसारख्या संपादकांनी मोरोपंत, वामन पंडित अशा जुन्या कवींच्या रचना शोधून, तपासून वाचकांपुढे आणल्या.

इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. संस्कृत ग्रंथ छापणारा हा माणूस स्वतः पंडित नव्हता. शिक्षण बेताचं. शास्त्रार्थाच्या सभेत त्यांना कुणी मानाने बोलावलं असतं की नाही, शंकाच आहे. पण पंडिताला काय लागतं ते त्यांना बरोबर कळलं. पाठ शुद्ध हवा, म्हणून त्यांनी विद्वानांना कामाला लावलं. अक्षर स्पष्ट हवं, म्हणून खिळे स्वतः ओतले. किंमत परवडली पाहिजे, म्हणून पुस्तकं स्वस्त ठेवली. निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असा लौकिक झाला. युरोपातले संस्कृतचे अभ्यासकही या प्रती वापरू लागले.

आणि कॉलेजातली मुलं? मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं होतं. संस्कृत अभ्यासक्रमात होतं. पूर्वी गुरूच्या घरी राहून, मर्जी सांभाळून जी पोथी बघायला मिळायची, ती आता दुकानात जाऊन विकत घेता येऊ लागली. ती कुणी घ्यावी हे विचारायला दुकानात कुणी बसलं नव्हतं. शतकानुशतकं ज्यांना या ग्रंथांच्या जवळपासही फिरकू दिलं नव्हतं, त्यांच्याही हातात ते पडू शकत होते. जात, भेदभाव एका छापखान्याने संपत नाही, हे खरंच. पण कुलूप लावलेल्या कपाटाची एक किल्ली बाजारात आली, एवढं तरी नक्की म्हणता येईल.

सागर मागे राहिला

१८९२ साली जावजी गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्यांच्यामागे मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना सांभाळला, त्यानंतर पांडुरंग जावजी यांनी. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ही नावं आजही दिसतात. वासुदेवशास्त्री पणशीकरांसारखे संपादक पुढच्या काळात निर्णयसागरशी जोडले गेले आणि विसाव्या शतकातही ग्रंथ निघत राहिले.

पण खिळ्यांच्या संख्येचा प्रश्न सुटला नव्हता. इंग्रजी छपाईत टंकयंत्रं आणि जुळणीची यंत्रं आली. कीबोर्डवर बसतील इतकीच अक्षरं त्यांना चालत. मराठीचे शेकडो खिळे त्यात कसे कोंबायचे? लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या निमित्ताने खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केली. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, म्हणजे 'इ'च्या जागी 'अ'लाच वेलांटी द्यायची. लिपीच बदलावी की यंत्र बदलावं, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी संगणक आला आणि यंत्र लिपीपुढे झुकलं.

त्याच संगणकाने आणि ऑफसेटने खिळ्यांचा छापखानाही संपवला. १९८०-९०च्या दशकांत गल्लोगल्लीचे छापखाने बदलले किंवा बंद पडले. खिळे वजनावर भंगारात गेले आणि वितळले. कोरलेली, ओतलेली, घासलेली अक्षरं परत नुसतं शिसं झाली. लाकडी केसेसना भंगारात भाव नव्हता, म्हणून त्या उरल्या. जिन्याखाली, माळ्यावर, आणि मग अँटिकच्या दुकानात.

म्हणून विकत घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खणांच्या कोपऱ्यांत काळी पूड दिसली तर ती शिशाची असू शकते आणि शिसं विषारी असतं. कोरड्या फडक्याने झटकू नका, उडेल. ओल्या कपड्याने नीट पुसून घ्या आणि त्यात खाण्याचं काही ठेवू नका. दुसरं, खणांची मांडणी बघा. सगळे खण सारखे असतील तर ती केस कदाचित आकड्यांची नाहीतर चिन्हांची असेल. लहानमोठे असतील तर समजा की मोठ्या खणातलं अक्षर त्या भाषेत सारखं लागत होतं. रिकाम्या केसवरून एखाद्या भाषेत कुठलं अक्षर किती लागतं, याचा अंदाज बांधता येतो, हे केवढं भारी आहे!

अक्षर कुणाचं?

मास मीडियाच्या वर्गात छपाईचा इतिहास शिकताना गुटेनबर्ग हमखास येतो. तो यायलाच हवा. पण आपण ज्या लिपीत आईला मेसेज करतो, ज्या लिपीत नाटकाचं तिकीट बघतो, ती छापील रूपात आपल्यापर्यंत आणणारे लोक बहुतेकदा तळटीपेतही येत नाहीत. जावजींचं नाव तरी कुठेकुठे मिळतं. आरूंचं त्याहून कमी. आणि ज्यांनी ओळीच्या ओळी उभ्याने जुळवल्या, ज्यांच्या बोटांना शिसं लागलं, त्या कंपोझिटरांची नावं पुस्तकात कुठेच नसतात.

कागद बदलून पडदा आला तरी प्रश्न तोच आहे. आपल्या अक्षराची काळजी कोण घेणार? संगणकावर वर्षानुवर्षं देवनागरीसाठी वापरलेला 'मंगल' फाँट आठवत असेल. तो कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला, जे पवईच्या आयआयटीत शिकवायचे. मुंबईतल्याच फाँटकारांनी 'मुक्त', 'बलू', 'मोदक' असे देवनागरी फाँट केले, आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. म्हणजे जावजींनी आणि आरूंनी सुरू केलेलं काम या शहरात थांबलेलं नाही. फक्त कानस जाऊन माऊस आला.

तरीही एखाद्या फ्लेक्सवर 'र' आणि मात्रा सुटी पडलेली दिसते. रीलवरच्या मराठी अक्षरांची वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. सबटायटलमध्ये जोडाक्षर फुटून पायमोडकं होतं. आपण दुर्लक्ष करतो, कळतंय ना, मग झालं. काम करून देणारा म्हणतो चालतंय, आणि आपणही म्हणतो चालतंय. जावजींचं सगळं आयुष्य या 'चालतंय'च्या विरुद्ध गेलं. दोन खिळ्यांमधली फट वाचणाऱ्याला दिसो न दिसो, ती राहता कामा नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

निर्णयसागरची जुनी पुस्तकं आता स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळतात. एखादं उघडा. संस्कृत येत नसलं तरी हरकत नाही. पान मोठं करा, आणखी मोठं करा, आणि अक्षरांच्या डोक्यावरची रेघ बघत शेवटपर्यंत जा. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका मुलाने दगडावर खिळे घासता घासता जे शिकून घेतलं, ते त्या रेघेत सलग दिसतं.